दोन पुत्र, दोन मुलूख : शहाजीराजे आणि दक्षिणेतील मराठी

शहाजीराजे भोसले यांचे नाव निघाले की कोणाही मराठी माणसाच्या मनात प्रथम येते ते शिवछत्रपतींचे पितृत्व. इतिहासाच्या शालेय पुस्तकांतही त्यांची ओळख बहुधा तेवढ्यावरच आटोपते. परंतु बंगळुरात संसार थाटून बसलेल्या आम्हां मराठी मंडळींस या पुरुषाशी आणखी एक नाते सांगता येते. स्वदेशापासून शेकडो मैलांवर, कानडी, तेलुगू आणि तमिळ यांच्या सांध्यावर ज्याने मराठी घर उभारले आणि चालविले असा पहिला मोठा गृहस्थ तोच होय. इ. स. 1638 मध्ये बंगळूर आदिलशाही फौजांच्या हाती आले आणि 1687 मध्ये ते भोसल्यांच्या हातून गेले. म्हणजे हे घर येथे एकूण एकोणपन्नास वर्षे नांदले. आमच्या मंडळाने पन्नाशी गाठली असल्याने त्याबाबतीत आम्ही राजांच्या एक वर्ष पुढे आहोत, असे कोणी विनोदाने म्हटले तर राजांची क्षमा मागून ते मान्य करावे लागेल!

शहाजीराजांच्या लढाया आणि राजकारणे यांवर थोरामोठ्यांनी विपुल लिहिले आहे. आम्ही येथे त्यांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने पाहू इच्छितो. जमीन, पाऊस, डोंगर आणि नद्या यांचा भाषेच्या घडणीशी संबंध काय, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञ दीर्घकाळ विचारीत आले आहेत. या प्रश्नाचे एक उत्तर एकाच माणसाच्या घरात पाहावयाचे असेल तर शहाजीराजांच्या घराइतके बोलके घर आम्हांस तरी दुसरे ठाऊक नाही. एका पित्याच्या दोन पुत्रांपैकी एक सह्याद्रीच्या कड्यांकडे गेला, दुसरा कावेरीच्या भातखाचरांकडे. दोघांच्या मागोमाग मराठी भाषाही दोन वाटांनी गेली.

प्रथम त्या भूमीकडे पाहू. सह्याद्रीच्या पश्चिमेस कोकणची चिंचोळी पट्टी आहे. तेथे धो धो पाऊस पडतो, दर काही कोसांवर खाडी आडवी येते आणि पावसाळ्यात एका गावाचा दुसऱ्या गावाशी संबंध जवळजवळ तुटत असे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. त्यात या पट्टीतील आगरी, कोळी, संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी अशा बोलींची यादी वाचताना माणूस थकून जातो. तीच पट्टी दक्षिणेकडे चालत गेलो तर कोकणी, तुळू आणि मलयाळम अशा निरनिराळ्या भाषाच लागतात, आणि घाटमाथ्यावर कोडगू लोकांची भाषा आणखी वेगळी. याउलट घाट चढून देशावर आले की गोदावरीपासून भीमा, कृष्णा, तुंगभद्रा ओलांडून थेट बंगळूरपर्यंत कोठेही भिंत नाही. उघडे, कोरडे, ज्वारी-बाजरीचे माळ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पठारावर पावसाचा भरवसा नसल्यामुळे माणसाला एकाच खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या बसून राहणे परवडत नाही. धनगर मेंढरे घेऊन हिंडतो, कुणबी सुगी संपताच घोड्यावर किंवा पायी शिलेदारीस निघतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी परतावयाचे हा रिवाज याच हवामानाने शिकविला. अशा मुलखात भाषा फार तुकड्यांत विभागली जात नाही, ती दूरवर पसरते. मात्र जी पसरते तिला वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकीशी व्यवहार करावा लागतो.

शहाजीराजांचे सारे आयुष्य याच उघड्या पठारावर गेले. वेरूळचे मालोजीराजे भोसले हे त्यांचे वडील आणि फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या घराण्यातील उमाबाई या त्यांच्या मातोश्री. जन्माचे साल सर्वसाधारणपणे 1594 मानले जाते. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून त्यांचे नाव शहाजी आणि धाकट्या भावाचे शरीफजी ठेवले गेले, अशी परंपरा आहे. नावातच दोन संस्कृतींचा संगम असलेले हे भाऊ होते, आणि त्या काळच्या दख्खनेत त्याचे कोणालाही नवल वाटत नव्हते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडल्यावर पोरवयातच शहाजींवर निजामशाही चाकरीचा भार आला. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1624 मध्ये भातवडीच्या रणांगणावर मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्या दिवशी शहाजीराजांनी नाव कमावले आणि शरीफजी गमावला.

पुढील बारा वर्षे धामधुमीची. 1629 मध्ये लखुजी जाधवरावांचा दौलताबादेस भर दरबारात खून झाला. पुढील वर्षी शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला, आणि त्याच सुमारास 1630 ते 1632 चा तो भीषण दुष्काळ दख्खनेवर कोसळला. गावेच्या गावे ओस पडली. दुष्काळ माणसे मारतो तशी तो माणसे हलवितोही, हे आपण विसरतो. जी कुटुंबे त्या काळात चाऱ्यापाण्यासाठी आणि चाकरीसाठी दक्षिणेकडे सरकली असतील त्यांची मोजदाद कोठेही नाही, पण पठाराच्या दक्षिण भागात मराठी बोलणाऱ्यांची वस्ती का आणि कशी वाढली याचा विचार करताना केवळ तलवारीकडे बोट दाखविणे आम्हांस अपुरे वाटते. पावसानेही त्यांना ढकलले होते.

1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. तेव्हा शहाजीराजांनी पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही वंशातील एका बालकास गादीवर बसविले आणि तीन वर्षे त्याच्या नावाने राज्य चालविले. बुडत्या राज्याला खांदा देण्याचा हा उद्योग 1636 मध्ये माहुलीस संपला. राजे विजापूरच्या चाकरीत गेले, आणि मोगल-आदिलशाही तहाच्या सोयीप्रमाणे त्यांना आपल्या मुलखापासून दूर, दक्षिणेत पाठविण्यात आले. आज एखाद्या कारखान्याने वा कचेरीने माणसास बदली देऊन परप्रांती पाठवावे तसाच तो प्रकार होता, असे म्हटले तर आमच्यापैकी पुष्कळांना त्यातील मर्म कळेल.

रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखालील स्वारीत 1638 च्या अखेरीस बंगळूर पडले. केंपेगौडांचा वंशज मागडीकडे निघून गेला, आणि बंगळुराबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा मुलूख राजांना जहागीर मिळाला. आजच्या चिक्कपेठेच्या परिसरातील गौरीमहाल हा त्यांचा वाडा, असे सांगितले जाते. 1640 च्या सुमारास जिजाबाई आणि बाल शिवाजीही काही काळ येथे येऊन राहिले.

येथे थोडे थांबून आपल्या पायांखालच्या जमिनीकडे पाहणे योग्य होईल. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, एका पाणलोटाच्या कण्यावर वसले आहे. शहराच्या पश्चिमेचे पाणी अर्कावतीतून कावेरीस मिळते. पूर्वेचे, म्हणजे आम्हां सर्जापूर रस्त्यावरील रहिवाशांच्या दारातले पाणी, बेळ्ळंदूर आणि वर्तूरच्या तलावांतून दक्षिण पिनाकिनीस जाते आणि तमिळनाडूत पोन्नैयार हे नाव घेऊन कडलूरजवळ समुद्रास मिळते. येथे बारमाही नदी नाही. म्हणून जुन्या राज्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी पावलोपावली बांध घालून तलाव साठविले आणि त्या तलावांच्या आश्रयाने गावे वसली. आजही या रस्त्यावरून जाताना गावांची नावे ही जमीनच वाचून दाखवितात. कानडीत केरे म्हणजे तलाव आणि हळ्ळी म्हणजे खेडे. कैकोंडरहळ्ळीची केरे आपण सकाळी फिरावयास जाताना पाहतो. दोम्मसंद्र या नावातील संद्र हे समुद्र या शब्दाचे, अर्थात मोठ्या तलावाचे, रूप समजतात. सर्जापूर हे नाव ऐकून मराठी कानाला सर्जा-राजाची बैलजोडी आठवते खरी, पण केवळ नादावरून इतिहास रचण्याचा मोह आम्ही आवरतो.

या रस्त्याचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. सर्जापुराच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर तमिळनाडूचा होसूर तालुका लागतो, पूर्वेस मालूर आणि त्यापलीकडे कोलार, जेथे तेलुगू घराघरांत बोलली जाते. गावातील जुन्या माणसाला तीन भाषा येणे ही येथे विद्वत्ता समजली जात नाही. उंच इमारती आणि संगणकाच्या कचेऱ्या येण्यापूर्वीही हा टापू असाच होता. पठारावरून खाली उतरण्याच्या सगळ्या वाटा याच बाजूने फुटतात. शहाजीराजांच्या जहागिरीतील होसकोटे आणि कोलार ही ठाणी याच कडेस होती. ज्या ठिकाणी पाणी उतरते त्याच ठिकाणी माणसे, माल आणि शब्दही उतरतात.

अशा जागी राजांनी दरबार भरविला. त्या दरबाराची साक्ष जयराम पिंड्ये या कवीच्या राधामाधवविलासचंपू या संस्कृत ग्रंथात आहे. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ 1922 मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. नाशिककडचा हा जयराम राजांची कीर्ती ऐकून बंगळुरास आला. आपल्याला बारा भाषा येतात असा त्याचा दावा होता. ग्रंथाच्या अखेरच्या भागात नाना देशींचे कवी राजांपुढे आपापल्या भाषेत रचना सादर करतात. संस्कृत आहे, मराठी आहे, उत्तरेकडील बोलींचे नाना प्रकार आहेत, गुजराती व पंजाबी वळणाच्या रचना आहेत, यावनी आणि दक्षिणी यावनी आहे, कानडीही आहे. यातील कविसंकेत आणि अतिशयोक्ती वजा केली तरी एक गोष्ट उरते. बहुभाषिकता ही त्या दरबारात शोभेची वस्तू मानली जात होती, अडचणीची नव्हे. पठारावर आयुष्य काढलेल्या सरदाराला ते सहज होते. निजामशाहीत फारसी आणि दख्खनी, विजापुरात त्यांच्या जोडीला कानडी, महसुलाच्या दप्तरात मराठी कारकून, आणि बंगळुरास तेलुगू-तमिळ पाळेगार. राजे ज्यांच्याशी तह करीत वा लढत, त्यांत एकभाषी माणूस विरळाच असावा.

भूगोल भाषांना कसे घडवितो याविषयी आधुनिक अभ्यासकांनी जे सांगितले आहे त्याची येथे आठवण होते. पापुआ न्यू गिनी या डोंगराळ, सदापर्णी देशात आठशेहून अधिक भाषा नांदतात. डॅनिएल नेटल या अभ्यासकाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पश्चिम आफ्रिकेचा दाखला घेऊन असे मांडले की, जेथे वर्षातील बहुतेक महिने पीक घेता येते तेथे लहान समाज आपल्यापुरते पिकवून स्वतंत्र राहू शकतो आणि त्याची भाषाही स्वतंत्र राहते. जेथे पावसाचा काळ तोकडा आणि बेभरवशाचा, तेथे संकटात दूरच्यांची मदत लागते, म्हणून सोयरिकी दूरवर होतात आणि भाषेचा पसारा मोठा होतो. याचे प्रत्यंतर पाहण्यास आफ्रिकेस जावयास नको. बंगळुराच्या दक्षिणेस निलगिरी आहे. त्या एका डोंगरात तोड, कोत, बडग, कुरुंब, इरुळ अशा भाषा शेजारी शेजारी राहिल्या, आणि त्यांतील तोड व कोत बोलणारे तर एखाददुसरा हजारच आहेत. त्याच बंगळुराच्या उत्तरेस मात्र शेकडो कोस चालत गेले तरी कानडी आणि मग मराठी, एवढ्या दोनच मोठ्या भाषा प्रामुख्याने भेटतात.

परंतु या उपपत्तीत एक उणीव आहे, आणि ती आम्हां सीमेवरील मंडळींच्या लगेच ध्यानात येते. उघड्या माळावर भाषांची संख्या कमी असेल, पण त्या एकमेकींच्या अंगात शिरतात. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास गम्परझ आणि विल्सन या विद्वानांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केला. तेथे कानडी, मराठी आणि उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिली. त्यांनी आपापले शब्द सोडले नाहीत, पण वाक्याची बांधणी इतकी सारखी होत गेली की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द लावून दुसरीत उतरविता यावे. मराठीच्या एकंदर घडणीतही हा दक्षिणेचा हात दिसतो. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कानडीचे देणे म्हणून सांगितले जातात. ळ हा वर्ण आपल्याला जितका प्रिय तितकाच कानडी आणि तमिळ माणसाला. आणि ज्या सर्वनामाने आम्ही हा लेख लिहीत आहोत तेच पाहा. ऐकणाऱ्यास वगळणारे आम्ही आणि त्याला सामावून घेणारे आपण, असा भेद मराठीत आहे. हिंदीच्या एकट्या हम मध्ये तो नाही. तेलुगूत मात्र मेमु आणि मनमु, तमिळमध्ये नांगळ आणि नाम असा नेमका तोच भेद आहे. सर्जापूर रस्त्यावर आमच्या घरी कामास येणाऱ्या तेलुगू बाईंना आपले मराठी समजत नसेल, पण आपण कोणाला आपल्यात धरले आणि कोणाला नाही हे व्याकरणातच सांगण्याची रीत दोघांनाही ठाऊक आहे.

असो. राजांच्या चरित्राकडे वळू. 1648 च्या जुलैत जिंजीच्या वेढ्याच्या वेळी मुस्तफाखानाने त्यांना त्यांच्याच छावणीत कैद केले. पुण्याकडे शिवाजीराजांनी चालविलेल्या हालचाली हे त्याचे एक कारण. पुढील वर्षी सुटका झाली, जहागीर परत मिळाली, पण दरबाराचा विश्वास मिळाला नाही. ज्येष्ठ पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारला गेला. साठी उलटलेले राजे तरीही घोड्यावरच होते. 23 जानेवारी 1664 रोजी, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. या गावाच्या नावातही केरे म्हणजे तलाव आहेच. वेरुळात जन्मलेल्या या सरदाराची अखेरची विश्रांती कानडी माळावर, एका तलावाच्या गावी झाली. आमच्यापैकी ज्यांना सुटीत शिमोग्याकडे जाण्याचा योग येतो त्यांनी वाट थोडी वाकडी करून हे स्थळ अवश्य पाहावे.

आता त्या दोन पुत्रांकडे. शिवाजीराजे बाराव्या वर्षाच्या आगेमागे बंगळूर सोडून पुण्यास गेले होते. तुकाबाई मोहिते यांचे पुत्र एकोजी, ज्यांना व्यंकोजी असेही म्हणतात, ते बंगळुरासच राहिले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाशी निगडित असलेला 1669 चा एकोजीराजांचा शिलालेख आजही त्यांच्या येथील अंमलाची साक्ष देतो. दोघे भाऊ एकाच घरातले, एकाच दरबाराच्या बहुभाषिक वातावरणात काही काळ वाढलेले. पुढे मात्र भूमीने त्यांना निरनिराळे केले.

थोरल्याने ज्या प्रदेशाचा आश्रय घेतला तो मावळचा. दऱ्या, जंगले, कडे आणि गडकोट. हा मुलूख मुख्यतः एकभाषी होता. तेथील माणूस मराठीखेरीज क्वचितच काही बोले, आणि परकी फौज पावसाळ्यात तेथे टिकाव धरू शकत नसे. फारसीच्या मोठ्या छायेखालून मराठी राज्यकारभार बाहेर काढण्याचा विचार अशा सुरक्षित जागीच सुचावा, हे स्वाभाविक वाटते. राजव्यवहारकोश त्याच प्रयत्नाचे फळ. त्याचे कर्तृत्व परंपरेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे जाते. हे हणमंते कोण? शहाजीराजांचे बंगळूरचे कारभारी नारोपंत यांचे पुत्र. आधी एकोजींच्या पदरी राहून पुढे ते शिवाजीराजांकडे गेले. चार भाषांच्या गर्दीत वाढलेल्या माणसालाच कोणता शब्द कोणाचा हे नेमके कळत असते, असे आम्हांस वाटते. शिवकालापासून पेशवाईपर्यंतच्या मराठी पत्रांतून फारसी शब्दांचे प्रमाण कसे घटत गेले ते राजवाडे यांनी शब्द मोजून दाखविले आहे.

धाकट्याची वाट उतरणीची होती. विजापूरच्या हुकमावरून 1675 च्या सुमारास एकोजीराजे तंजावरच्या नायक घराण्याच्या वारसास गादीवर बसविण्यासाठी पठार उतरून कावेरीच्या मुखाकडे गेले, आणि थोड्याच काळात स्वतःच तेथले राजे झाले. हा प्रदेश पठाराहून सर्वस्वी वेगळा. कालव्यांचे जाळे, वर्षात दोनदोन पिके देणारी भातशेती, हजार वर्षांची देवळे आणि गच्च भरलेली तमिळ गावे. येथून पुन्हा वर चढून देशाकडे जाण्याचे कारण उरत नाही. 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजीमहाराज कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तळ देऊन राहिले आणि दोघे भाऊ भेटले. वडिलोपार्जित जहागिरीच्या वाटणीवरून बोलणे फिसकटले आणि एकोजीराजे रातोरात नदी ओलांडून निघून गेले. पुढे तह झाला. त्यात बंगळुराकडील मुलूख एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी दिला, अशी हकीकत आहे. पण तंजावराहून बंगळूर सांभाळणे अवघड होते. एकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांस तीन लाखांना विकावयाचे ठरविले. इतक्यात 1687 मध्ये मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले आणि पुढे तेवढ्याच रकमेस वडियारांच्या हवाली केले. देश आणि तंजावर यांमधला दुवा असलेले हे ठाणे असे सुटले. आमच्या मते मराठीच्या इतिहासात या विक्रीची किंमत तीन लाखांहून बरीच अधिक होती.

दुवा तुटल्यावर तंजावरची मराठी बेट झाली. बेटावरचे जीव आपल्या परीने वाढतात, तसेच झाले. एकोजींचे पुत्र शहाजी, ज्यांनी 1684 ते 1712 राज्य केले आणि ज्यांना आजोबांचे नाव होते, त्यांनी संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदविणारे पंचभाषाविलास हे नाटक रचले. बंगळूरच्या दरबारातील ती जुनी हौस नातवापर्यंत पोहोचली होती. विष्णुदास भावे यांनी सांगलीस 1843 मध्ये सीतास्वयंवर रंगभूमीवर आणले, त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरात मराठी नाटके लिहिली जात होती, आणि ही गोष्ट देशावर कोणाच्या गावीही नव्हती. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा सारा इतिहास मराठीत कोरविला. सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग साठले. 1855 मध्ये राज्य खालसा झाले. मराठीला राजाश्रय उरला नाही आणि पाठशाळाही उरली नाही.

येथे आपल्या मुलाबाळांच्या भाषेविषयी ज्यांना काळजी वाटते अशा पालकांनी जरा लक्ष द्यावे, कारण याच टप्प्यावर दोन मराठींचे अंतर सर्वाधिक वाढले. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याकडे मराठीचे नवे रूप घडत होते. 1831 मध्ये मोल्सवर्थचा कोश आला, 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले, छापखाने, वर्तमानपत्रे आणि शाळा आल्या. शब्द कसा लिहावा, कोणता प्रयोग शिष्ट, कोणता ग्राम्य, हे ठरत गेले. यांतले जवळजवळ काहीच तंजावरास पोहोचले नाही. तेथील घरांत सतराव्या शतकातील वळणे तशीच राहिली, आणि ज्या नव्या वस्तूंना व कल्पनांना नावे हवी होती ती तमिळमधून आली. लेखन तमिळ आणि इंग्रजीत गेले, मराठी स्वयंपाकघरात, देवघरात आणि मायलेकींच्या बोलण्यात राहिली. सर टी. माधवराव हे 1828 मध्ये कुंभकोणम येथे अशाच घरात जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथील दिवाणगिरी त्यांनी गाजविली. पुस्तक आणि शाळा नसतानाही ही बोली अकरा-बारा पिढ्या टिकली याचे श्रेय आम्ही भूगोलाला देत नाही. सोयरिकी आपसांत होत राहिल्या आणि घरातील बायकांनी मुलांशी मराठीतच बोलणे चालू ठेवले, याला ते दिले पाहिजे. भूगोलाने भाषा निराळी केली. ती जगविली घराने.

आणि तरीही ती आता क्षीण होत आहे. कारण तिचे बेटपण संपले. शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने तंजावरी मराठी कुटुंबे चेन्नईस आणि बंगळुरास आली, परदेशी गेली, विवाह भाषेबाहेर होऊ लागले. साडेतीनशे वर्षांपूर्वी जी घरे हे पठार उतरून गेली त्यांतील काहींचे वंशज आता पुन्हा याच शहरात, क्वचित आमच्याच इमारतीत राहतात. दारावरील पाटीवर आडनावाऐवजी राव असते, म्हणून आम्ही त्यांना कानडी किंवा तमिळ समजून इंग्रजीत बोलतो. जिन्यात त्यांच्या घरातील आजी नातवाला हाक मारतात, तेव्हा शब्द ओळखीचे वाटतात आणि हेल अनोळखी. आमच्या मराठीतील संस्कृत वळणाचे नवे शब्द त्यांना जड जातात, त्यांच्या बोलण्यातील जुनी क्रियापदे आम्हांस संतवाङ्मयातली वाटतात. अशा काही घरांस आमच्या मंडळाने यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास बोलावण्याचे ठरविले आहे. होसकोटे रस्त्याकडील आणि होसूरकडील सभासदांनी आपल्या ओळखीतील कुटुंबांची नावे कार्यवाहांकडे कळवावीत.